बागेतली तीन झाडं पडली, आता दोनशे रोपं लावायची का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या एका उपनगरात महापालिकेची एकरभराची बाग आहे, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. गेल्या पावसाळ्यात तिथले दोन गुलमोहर आणि एक सुबाभूळ आडवे झाले. सकाळी फिरायला येणाऱ्या चाळीस जणांनी गट केला. एका कंपनीकडून दोनशे रोपं फुकट मिळणार आहेत आणि ५ जूनला पर्यावरण दिनाच्या मुहूर्तावर ती लावायचं ठरतंय. गटाला विचारायचंय ते हे: कोणती रोपं मागावीत, पालिकेची परवानगी लागते का, आणि एका कोपऱ्यात मियावाकी जंगल, म्हणजे रोपं दाटीने लावून उभं केलेलं छोटं जंगल, करावं का?

मी शेतकी कॉलेजात शिकलो आणि गेली सत्तावीस वर्षं पुण्यातल्या बागा, टेकड्या आणि सोसायट्यांमध्ये अशाच गटांबरोबर खड्डे खणतोय. त्यामुळे आधी उत्तर देतो, कारणं मागून. दोनशे लावू नका. पंचवीस लावा. ५ जूनला तर एकही लावू नका.

आता हिशेब. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. करंज-बहाव्यासारख्या मध्यम झाडाला चहूबाजूंनी आठ मीटरचं अंतर धरलं, तर अख्ख्या एकरात, चालायचा रस्ता, झोपाळे, बाकं, हिरवळ सगळं उखडून टाकलं तरी साठेक झाडं बसतील. तुमच्याकडे आजच तीस-चाळीस उभी असणार. मग दोनशे जातील कुठे? जातात ती अशी: दोन-दोन फुटांवर, कुंपणाच्या भिंतीला चिकटून, विजेच्या तारांखाली, आणि थेट गुलमोहराच्या बुंध्याशी. चार वर्षांनी त्यातली जगलेली एकमेकांना ढकलत उंच, बारीक, काठीसारखी वाढतात आणि पहिल्या वळिवात वाकतात.

हे झालं जागेचं. खरा अडसर पाण्याचा आहे, आणि पाण्याचा म्हणजे पाणी घालणाऱ्या माणसांचा. सहा फुटांचं रोप जुलैत मुरमाड जमिनीत लावलं, की ऑक्टोबरपर्यंत पाऊस त्याला सांभाळतो. पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोनदा, दर वेळी वीस लिटर. म्हणजे साधारण सत्तेचाळीस वेळा. एका झाडाला पहिल्या वर्षात जवळजवळ ९४० लिटर पाणी. पंचवीस झाडांना साडेतेवीस हजार लिटर. दोनशे झाडांना १ लाख ८८ हजार लिटर, आणि तेही बोअरवेलची मोटर रडायला लागते नेमक्या त्या महिन्यांत. दुसऱ्या वर्षी याच्या निम्मं, तिसऱ्या वर्षी फक्त मार्च-एप्रिल-मे. तीन उन्हाळे काढले की झाड आपलं आपण बघतं.

माणसांचा हिशेब त्याहून कडू. चाळीस जण वृक्षारोपणाला येतात. दिवाळीनंतर पंधरा उरतात. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, एप्रिलमध्ये लग्नं, मेमध्ये सगळे गावाला; तेव्हा येतात सहा ते आठ. मी माणसांना नावं ठेवत नाही, माझ्याही घरी हेच होतं. पण आठ माणसं दोन-दोनच्या जोड्या करून पाळीपाळीने पाइप धरून किती झाडांना पाणी देतील, तेवढीच तुमची झाडं. मिनिटाला दहा लिटर देणारा पाइप असेल, तर पंचवीस झाडांना पन्नास मिनिटं, वर पाइप ओढायला अर्धा तास. सकाळच्या फेरफटक्यात बसतं. म्हणून पंचवीस.

माझं पहिलं मोठं वृक्षारोपण असंच फसलं होतं. तीनशे रोपं, दोन नगरसेवक, मांडव, लाउडस्पीकर. जूनचा पहिला आठवडा, आभाळ भरून आलं होतं म्हणून आम्ही खूश. त्यानंतर अठरा दिवस थेंब नाही. पुढच्या जूनला मी वही घेऊन मोजायला गेलो तेव्हा चाळीसही नव्हती, आणि त्यातली निम्मी मुळात आम्ही लावलेली नव्हती, आपोआप उगवलेली काशीद होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

५ जूनला विरोध एवढ्यासाठीच. पर्यावरण दिन जगाचा आहे, पुण्याच्या पावसाचा नाही. आपल्याकडे मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, तोही नेमाने नाही, आणि आला तरी मधेच दडी मारतो. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात धरला, ते बरोबर होतं. जमीन हातभर खोल भिजल्याशिवाय रोप लावू नये. आमच्याकडची खूण सोपी आहे: खुरपं मुठीपर्यंत घुसलं आणि बाहेर आलेली माती ओली निघाली, की लावा. कंपनीला ५ जूनचाच फोटो हवा असेल, तर त्या दिवशी त्यांच्याकडून खड्ड्यांत शेणखत भरून घ्या. फोटो त्याचाही छान येतो.

परवानगी लागते. बाग पालिकेची, जमीन पालिकेची, त्यामुळे तिथे खड्डा खणायलाही उद्यान विभागाची लेखी संमती हवी. आणि झाड तोडायचं असेल, अगदी वाळलेलं असलं तरी, महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्या छाटायलाही. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, रोप सहा ते आठ फुटांचं असावं आणि सात वर्षं त्याची देखभाल करायची, असंही तिच्यात आलं. हे आकडे गटातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. कारण तुमच्या बागेतलं एखादं झाड कुणाच्या तरी गाळ्याच्या पाटीआड येतंय म्हणून ‘धोकादायक’ ठरतं, तेव्हा तुम्हाला बोलायला आधार लागतो.

पण कागदाच्या आधी माणूस. बागेचे माळी आणि त्यांच्यावरचे मिस्त्री यांना सगळ्यात आधी भेटा. नगरसेवकाला नंतर, साहेबांना त्याहून नंतर. माळ्यांना ठाऊक असतं जमिनीखालून पाण्याची लाइन कुठून जाते, दिव्याची केबल कुठे आहे, कुठे पावसाळ्यात चार दिवस पाणी साचतं, कुठे खणलं की वीतभरावर राडारोडा लागतो. आमच्या एका बागेत कागदावरचा नकाशा बघून आखलेल्या अकरा खड्ड्यांपैकी सात माळीकाकांनी नुसतं बोट दाखवून हलवायला लावले. दुसरं असं की हल्ली बरेचसे माळी ठेकेदाराचे असतात. ठेका बदलला की माणूस बदलतो. म्हणून कोणतं झाड कुठे, केव्हा लावलं, याची एक वही तुमच्याकडे आणि एक प्रत बागेच्या खोलीत असू द्या.

आता झाडं का पडली, ते बघू. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मे महिन्यात तो जे करतो ते दुसरं झाड करत नाही, हे मान्य. माझ्या आईला गुलमोहराशिवाय उन्हाळा वाटायचा नाही. पण त्याची मुळं उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ, आणि शहरात चाळिशीच्या आसपास तो थकतो. त्यात आपण काय करतो? चालायचा रस्ता करताना एका बाजूची मुळं तोडतो, बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक घालतो, वर बसायला म्हणून गोल सिमेंटचा पार बांधतो. बुंधा आतून कुजतो, तळाशी लाकडासारख्या कडक भूछत्र्या दिसायला लागतात, आणि एका संध्याकाळी वारा न सुटताही झाड खाली येतं. तुमच्या उरलेल्या गुलमोहरांचे बुंधे आजच बघून घ्या. भूछत्र्या, एका बाजूला जमिनीला पडलेली भेग, शेंड्याकडून वाळत आलेल्या फांद्या, बुंध्यावर थापटल्यावर पोकळ आवाज: यातलं काही दिसलं, तर उद्यान विभागाला लेखी कळवा, आणि तोवर त्याखालचं बाक हलवा. सिमेंटचे पार मात्र फोडायला लावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायचा आदेश दिला होता. आपल्याकडे अर्ज करताना त्याचा उल्लेख केलेला चालतो, निदान साहेब एकदा डोकं वर करून बघतात.

मला खरी काळजी पडलेल्या तिघांची नाही. पस्तीस वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात, एकाच रोपवाटिकेतून आणून लावलेले बाकीचे सगळे गुलमोहर आज एकाच वयाचे आहेत, त्यांची आहे. ते म्हातारे होतील ते एकदमच. तुमच्या बागेची सावली पुढच्या पाच-सात वर्षांत एका झटक्यात जाऊ शकते. म्हणून पंचवीसपैकी तीनच रोपं पडलेल्या झाडांच्या जागी, आणि उरलेली बावीस अजून न पडलेल्यांच्या जागी लावायची असं धरा. उभ्या गुलमोहरांच्या मधल्या, ऊन येणाऱ्या फटी शोधा. तिथे आज लावलेला करंज दहा वर्षांत डोक्यावर येईल, आणि गुलमोहर गेला की त्याची जागा घेईल. सगळी पंचवीसही एकाच वर्षी लावू नका. यंदा दहा, पुढच्या वर्षी आठ, त्यानंतर सात. पहिल्या दहांच्या चुका दुसऱ्या आठांना उपयोगी पडतात, आणि पाण्याचा भारही एकदम येत नाही.

पडलेल्या झाडाच्या अगदी त्याच खड्ड्यात मात्र नवं लावू नका. खाली जुनी मुळं कुजत असतात, बुरशी असते, वाळवी असते. दीड-दोन मीटर सरकून लावा. आणि ओंडका लगेच उचलायला लावू नका. त्याचा एखादा सहा फुटांचा तुकडा कुंपणाजवळ सावलीत ठेवून द्या. पोरं त्यावर चढतात, सरडे-किडे राहतात.

कोणती झाडं, या प्रश्नाला मी यादीने उत्तर द्यायचं टाळतो, कारण लोक यादी घेऊन थेट नर्सरीत जातात. पण एक नियम सांगतो. फ्रँक सांतामूर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९० मध्ये सुचवलेला: एका जातीची झाडं दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे भाऊबंदांची) वीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि एका कुळाची तीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. कीड किंवा रोग आला की तो नात्यागोत्यात पसरतो, एवढाच विचार. आता आपल्या बागेकडे बघा. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, शिरीष, काशीद, करंज, बहावा, कांचन, आपटा, पळस, पांगारा, गिरिपुष्प. फुलं किती वेगळी! पण सगळी एकाच शेंगावाल्या कुळातली. पुण्यातल्या कित्येक बागा साठ-सत्तर टक्के याच घराण्याच्या आहेत. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला तेव्हा रस्तेच्या रस्ते उघडे पडले, ते यामुळेच: एका ओळीत एकच झाड. मी स्वतः वर्षानुवर्षं ‘देशी लावा’ एवढंच सांगत होतो, आणि देशी म्हणून पुन्हा बहावा, पळस, करंजच लावत होतो. कुळ मोजायला उशिरा शिकलो.

तेव्हा कुळाबाहेरची माणसं आणा. बाकांजवळ बकुळ लावा. वाढायला संथ आहे, तुमच्या डोळ्यादेखत मोठी होणार नाही कदाचित, पण सावली दाट आणि बारमाही. फुलं वेचायला पहाटे आज्या येतात. मोकळ्या उन्हात, मुरमात वावळ चांगली तगते. मेडशिंगी आणि वारस ही आपल्या डोंगरांवरची झाडं, बागेत कुणी लावत नाही, नर्सरीत मागितली की माणूस दोनदा विचारतो. पण पुण्याची उथळ जमीन त्यांना परकी नाही. जिथे पाणी साचतं तिथे अर्जुन किंवा तामण. तामण आपलं राज्यपुष्प आहे म्हणून सगळ्यांना हवी असते, पण तिला ओल लागते. कोरड्या मुरमात लावलेली तामण वर्षानुवर्षं छत्रीएवढीच राहते. कडुनिंब एक-दोन असावेतच. वड किंवा पिंपळ एकच, आणि तोही चहूबाजूंनी पंधरा मीटर मोकळं असेल तर. उंबर पक्ष्यांसाठी उत्तम, पण चालायच्या रस्त्यावर नको. फळांचा चिखल होतो आणि सकाळच्या मंडळींपैकी कुणीतरी घसरतं. काटेसावरीखाली मुलांचे झोपाळे नकोत, खोडावर काटे असतात.

सीताअशोक मागाल तेव्हा रोप नीट बघा. ‘अशोक’ म्हटलं की नर्सरीवाला हातात देतो ते सरळसोट, विजेच्या खांबासारखं वाढणारं आसूपालव. खरा सीताअशोक केशरी-लाल गुच्छांचा, कोवळी पालवी लोंबती, आणि त्याला लहानपणी सावली हवी. थकलेल्या गुलमोहराखाली तो छान वाढतो.

सप्तपर्णी आता बस झाली. मधल्या काळात रस्तोरस्ती इतकी लावली, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वासाने डोकं उठल्याच्या तक्रारी येतात. बिचाऱ्या झाडाचा दोष नाही, एका रांगेत पन्नास लावणाऱ्यांचा आहे.

आपटा हवा असेल तर लावा, पण दसऱ्याला त्याची राखण करायची तयारी ठेवा. एका बागेत आम्ही दोन आपटे लावले होते, तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी दोन्ही फांद्यांसकट ओरबाडलेले. गंमत म्हणजे शेजारी चार कांचन होते आणि बाजारात आपटा म्हणून सर्रास कांचनच विकतात. ते मात्र शाबूत. लोकांना खरा आपटा ओळखता येतो, हे त्या दिवशी कळलं. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्हीच थोडी पानं काढून फाटकापाशी टोपलीत ठेवतो. ओरबाडणं थांबलं.

मियावाकीबद्दल. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांची ही पद्धत स्थानिक जंगल परत उभं करण्यासाठी आहे: जमीन खोल उकरून, भरपूर सेंद्रिय खत मिसळून, एका चौरस मीटरला तीन-चार रोपं. मुंबई महापालिकेनेही ती वापरली आहे. रस्त्याकडेचा ओसाड तुकडा, कारखान्याची हद्द, धुळीला आडोसा, इथे ती शोभते. पण ते जंगल असतं, त्यात आत शिरायचं नसतं. तुमच्या एकरभराच्या बागेत मुलं धावतात, आजोबा बसतात, त्यांना हवी पसरट फांद्यांची सावली, आणि ती दाटीत वाढलेल्या झाडाला कधीच येत नाही. शिवाय पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी भरपूर लागते. कंपन्यांना मियावाकी आवडतं, कारण आकडा मोठा दिसतो. तुमच्या कोपऱ्यात कचरा टाकतात अशी ओसाड जागा असेल, तर पन्नास चौरस मीटर करून बघा. बाकी बागेत नको.

कंपनीच्या दोनशे रोपांचं काय? पंचवीस घ्या आणि उरलेल्या पैशांत पाइप, दोन वर्षांचं शेणखत आणि लोखंडी पिंजरे मागा. नाही म्हणाले तर कळेल त्यांना झाडं हवीत की फोटो. रोपं घेताना पिशवी उचलून तळ बघा. मुळं पिशवीतून बाहेर येऊन जमिनीत घुसली असतील, तर ते रोप रोपवाटिकेत फार दिवस पडून आहे. आत मुळांची जिलेबी झालेली असते.

जिलेबीवरून आठवलं. एका बागेत लावलेली चांगली दहा-दहा फुटांची झाडं तिसऱ्या पावसाळ्यात एकापाठोपाठ कलंडायला लागली. उपटून बघितलं तर मुळांचा गोळा तंतोतंत पिशवीच्या आकाराचा, आणि दोघांच्या भोवती तर काळी पिशवी तशीच! लावणाऱ्याने घाईत पिशवी न काढता रोप खड्ड्यात ठेवून माती लोटली होती. तीन वर्षं झाड त्या पिशवीत जगलं. तेव्हापासून मी लागवडीच्या दिवशी एकच काम करतो: रिकाम्या पिशव्या मोजतो. पंचवीस रोपं तर पंचवीस पिशव्या माझ्या हातात आल्या पाहिजेत.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उघडे ठेवा, मीटरभर लांब-रुंद, म्हणजे माती तापते आणि किडे-अंडी मरतात. मुरूम लागला तर खोलीपेक्षा रुंदी वाढवा. निघालेल्या मातीतच दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. नुसत्या खताने खड्डा भरलात तर मुळं त्या गोडीतून बाहेरच येत नाहीत. पिशवी ब्लेडने उभी चिरा, गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, फार गुंतली असतील तर कडेने तीन-चार उभे काप द्या, घाबरू नका. खोड जिथे मुळांना मिळतं तो भाग जमिनीच्या पातळीला आला पाहिजे. वीतभर खाली पुरलेलं रोप दोन-चार वर्षं बरं दिसतं आणि मग बुंध्याशी कुजतं. बांबू दोन लावा, रोपाच्या दोन बाजूंना, आणि सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यात बांधा. झाड वाऱ्यात थोडं हललं पाहिजे, हलल्यानेच बुंधा जाड होतो. वर्षाने बांबू काढा.

यानंतर बागेतल्या रोपांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण असेल असं वाटतं? गाय-बकरी नाही, ती बागेत येत नाहीत. क्रिकेट खेळणारी पोरंही नाहीत. गवत कापायचं मशीन. त्याची नायलॉनची दोरी कोवळ्या बुंध्याला लागली, की साल गोल सोलली जाते. वरून झाड महिनाभर हिरवं दिसतं आणि मग वाळतं, आणि सगळे म्हणतात पाणी कमी पडलं. उपाय फुकट आहे. बुंध्याभोवती मीटरभर गोलात गवत येऊ देऊ नका, तिथे वाळलेल्या पानांचा चार बोटं जाड थर घाला, बुंध्याला न टेकवता. मशीनवाल्याला तो गोल दिसतो, तो तिथपर्यंत येत नाही. पाणीही निम्म्याने कमी उडतं. बागेतली पानं जाळू नका, पोत्यात भरून कचरागाडीलाही देऊ नका. तुमच्या पंचवीस झाडांना ती पुरणारही नाहीत.

क्रिकेटच्या पोरांविषयी लिहायला हवं, कारण प्रत्येक गटात पहिलं भांडण त्यांच्याशीच होतं. आमच्या एका बागेत ज्येष्ठ मंडळींनी ठरवून हिरवळीच्या मधोमध सहा रोपं लावली, म्हणजे खेळ बंद होईल. दोन आठवड्यांत सहाही मोडली. मग तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने पोरांना बोलावून विचारलं, तुमची बाउंडरी कुठे? त्या रेषेवर दहा खड्डे घेतले. प्रत्येक झाड एका पोराचं. चेंडू लागून झाड मोडलं तर बॅट्समन आउट, हा नियम पोरांनीच केला. दहातली नऊ जगली. मार्चमध्ये, ज्येष्ठ मंडळी नातवंडांकडे गेलेली असताना, पाणी त्याच पोरांनी घातलं. तुमच्या गटात चाळीस जण आहेत म्हणालात. त्यात तिशीच्या आतले किती?

पाण्याची पाळी लावताना ‘ज्याला जमेल त्याने’ असं कधीच ठेवू नका. वार आणि जोडी ठरवा, बागेच्या फलकावर कागद लावा. व्हॉट्सॲप गटावर सूर्योदयाचे फोटो येतात, पाणी येत नाही. मे महिन्यापुरते पैसे गोळा करून माळीकाकांच्या सहायकाला वरकड मजुरी द्यायची सोय ठेवलीत, तर त्यात कमीपणा मानू नका.

एवढं करून पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन रोपं जातीलच. त्यांच्या जागी पुढच्या जुलैत दुसरं रोप लावा, पण आधी गेलेलं उपटून मुळं बघा. मुळं कोरडी खटखटीत असतील तर पाणी कमी, काळी आणि वास येणारी असतील तर पाणी जास्त, आणि मुळंच नसतील, नुसता कुरतडलेला दांडा असेल, तर वाळवी किंवा हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी.

तिसऱ्या पावसाळ्याआधी लोखंडी पिंजरे काढा. हे विसरायला होतं. पिंजऱ्यावर देणगीदाराची पाटी असते, म्हणून कुणी हात लावत नाही, आणि दहा वर्षांनी सळ्या बुंध्यात रुतलेल्या दिसतात. मग त्या कापून काढायला वेल्डर बोलवावा लागतो आणि झाड जन्माचं अधू होतं. तसे रुतलेले पिंजरे तुमच्या बागेतही एक-दोन सापडतील, उद्या सकाळी चक्कर मारताना बघा. तुमच्या पहिल्या दहांचे पिंजरे निघतील तेव्हा ते रंगवून जपून ठेवा. पुढचा एखादा गुलमोहर तोवर गेलेला असेल आणि खड्डे खणायचे असतील.